खाडीचा आकडा

चंद्रकांता: डबा बंद कर. आधी माझ्याशी बोल, मग काय गिळायचं ते गिळ.

दर्पण: आते, सुनावणीची मधली सुट्टी आहे, कचेरीचा व्हरांडा आहे हा. हळू बोल.

चंद्रकांता: का म्हनून हळू? आत तो कंपनीचा वकील माईक लावून बोलत होता, तेव्हा त्याला बोललास का हळू बोल म्हनून? "डॉक्टर दर्पण यांच्या अहवालाप्रमाणे." एकदा नाय, सतरांदा बोलला. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. माझ्या भावाच्या पोराचं नाव घेऊन माझंच खळं मागतो मेला.

दिशा: आई, बस जरा. लोक बघतायत.

चंद्रकांता: बघू देत. पालघरच्या बाजारात उभा जन्म गेला माझा, लोकांनी बघितल्यानं मला काय होत नाय. याला होत असंल. हा साहेब झाला ना!

दर्पण: अहवाल माझा आहे. मागणी कंपनीची आहे. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

चंद्रकांता: नाळ एकच हाय.

दर्पण: तू ऐकून घेणार आहेस का? माझ्या आधी सरकारी कागदावर काय लिहिलेलं होतं माहीत आहे? 'पडीक खारजमीन.' खाडी, तिवरांची झाडं, तुमचं मासळी सुकवायचं खळं, सगळं मिळून पडीक! किंमत काहीच नाही. कोणाला भराव टाकायचा असेल तर तिथं. कोणाला गाळ ओतायचा असेल तर तिथं. का? तर अर्थशास्त्रात जे विकलं जात नाही ते नसतंच. झाड तोडलं, लाकूड विकलं, तर देश श्रीमंत झाला. झाड उभं राहिलं तर काहीच झालं नाही. हे मूर्खपणाचं गणित बदलायला निघालो होतो मी. तिवरांच्या मुळांत किती पिल्लं वाढतात ते मोजलं. तुफानाचं पाणी तिवरं किती अडवतात ते मोजलं. ऊन आणि वारा तुमचे बोंबील फुकट सुकवतात, तेच मशीनवर सुकवायचे तर किती वीज लागेल तेही मोजलं. आणि मग सरकारला कळेल अशा भाषेत मांडलं.

चंद्रकांता: कुठल्या भाषेत?

दर्पण: रुपयांच्या. दुसरी कुठली कळते त्यांना?

चंद्रकांता: हां. तीच भाषा कंपनीला पन येते. तुझ्यापेक्षा बरी येते.

दिशा: दादा, मला एक सरळ सांग. त्या वकिलाने नक्की काय केलं? मी मागे बसले होते, अर्धं ऐकू आलं नाही. पंखा नुसता खडखडत होता.

दर्पण: मी एका वर्षाचा आकडा काढला होता. खाडी आणि खळं मिळून गावाला वर्षाला किती देतात, त्याचा. त्यांनी तो घेतला, वीस वर्षांनी गुणला, वर थोडी दक्षिणा ठेवली आणि म्हणाले, घ्या. निसर्गाचं नुकसान भरून दिलं. आता तिवरं काढून भराव टाकायची परवानगी द्या. गोदामं होतील, जहाजांचा धक्का होईल.

दिशा: आणि हे कायद्यात बसतं?

दर्पण: बसवतायत. मी तो आकडा दंडासाठी काढला होता गं! जो खाडी घाण करेल त्याने वर्षाला इतके भरायचे. घाण करणं इतकं महाग पडलं पाहिजे की तो थांबेल.

चंद्रकांता: थांबला कोन?

दर्पण: अजून लागूच कुठे झालाय?

चंद्रकांता: लागू झाला तरी कोन थांबनार नाय. ज्याच्याकडं पैसा हाय त्याला दंड नाय होत रे, त्याला तिकीट म्हनतात. काढलं की आत. एवढं शिकून तुला हे कोनी सांगितलं नाय?

दर्पण: टोमणे मारून झाले असतील तर मी दोन घास खातो. सुट्टी संपली की मलाच पहिलं बोलावणार आहेत.

चंद्रकांता: ते माहीत हाय, म्हनूनच आले. आत गेलास की साहेब विचारनार, हा आकडा तुमचा का? बरोबर हाय का? तू सांगायचं, नाय. चुकला. हिशेबात गडबड झाली. बस, एवढंच. मग वकिलाकडं काय उरत नाय.

दर्पण: आकडा बरोबर आहे.

चंद्रकांता: मी बरोबर-चूक विचारतच नाय. मी सांगते, नाय म्हन.

दर्पण: म्हणजे खोटं बोलू?

चंद्रकांता: अरे वा! आता सत्यवान झाला. लहानपनी माझ्या पाटीतल्या कोलंब्या पळवून भाजून खायचास आनि मांजराचं नाव घ्यायचास, तेव्हा कुठं होतं हे?

दर्पण: आते, मी विज्ञानाचा माणूस आहे. माझ्याकडे दुसरं काहीच नाही. भरतीच्या चिखलात कमरेएवढा उभा राहून काढलाय तो आकडा. तो चुकला म्हणून सांगितलं तर उद्या मी पाणी ओलं आहे म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही. आणि फक्त माझा प्रश्न नाही. कारखान्यांच्या नाल्याची केस चालू आहे. त्या नाल्याकाठच्या लोकांच्या बाजूने कोर्टात जे काही आहे ते माझ्याच मोजमापावर उभं आहे. इथे मी म्हटलं चुकलं, की तिथला वकील तोच कागद तिथे फडकवेल. त्यांचं काय?

चंद्रकांता: त्यांचं ते बघतील.

दर्पण: हे तू बोलतेस?

चंद्रकांता: मी बोलते. माझ्या खळ्यावर भराव येतो तेव्हा मला नाल्याकाठचे दिसत नाय. रत्नाबाई दिसते, तिचा नवरा बोट बुडून गेला, ती त्या बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगून चार पोरं मोठी करते. शेजारच्या खळ्यावरची कमळी दिसते. तुझ्यासारखी मला सगळी दुनिया एकदम दिसत नाय.

दिशा: झालं? आता मी बोलू? तुम्ही दोघं मेलेल्या म्हशीच्या दुधावरून भांडताय.

चंद्रकांता: तू गप.

दिशा: का गप? बोईसरला कारखान्याच्या लॅबमध्ये मी बसते. नाल्याच्या पाण्याचं सॅम्पल रोज मी बघते, तुम्ही नाही. पाणी म्हणे! कधी चहासारखं, कधी जांभळं. ते सगळं फिरून-फिरून आपल्याच खाडीत येतं. आई, खरं सांग, मागच्या मोसमात गिऱ्हाइकं मासा नाकाला लावून परत ठेवत होती की नाही? "औषधाचा वास येतोय" म्हणत होती की नाही? तू काय सांगायचीस त्यांना? सातपाटीच्या बंदरातला माल आहे म्हणून सांगायचीस.

चंद्रकांता: दिशा!

दिशा: सांगायचीस ना? खाडी संपलीय. कंपनी पैसे देतेय तर घ्या. प्रत्येक घराला मिळतील. मला कुंभवलीची ती भाड्याची खोली सोडता येईल, तिथे शेजारच्या मशीनच्या आवाजात झोप तरी लागते का? कमळीच्या मुलाला आयटीआयला घालता येईल. खळ्यावर बसून तुमची पाठ गेली, गुडघे गेले, आणि वर म्हणता, हेच आमचं सोनं!

चंद्रकांता: ऐक, ऐक. हिच्या केसाला कारखान्याचा वास येतो, खोबरेल लावलं तरी जात नाय. आनि ही मला वास शिकवते.

दिशा: आणि तुझ्या पाटीच्या वासामुळे शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवायचे. तो वास तुला कधी आला नाही. मला यायचा. अजून येतो.

दर्पण: दिशा, पुरे.

दिशा: तू नको मला पुरे म्हणूस. तू गावातून गेलास पुण्याला, मग परदेशात. आलास ते हातात मीटर घेऊन. आम्ही इथेच होतो.

दर्पण: खाडी संपलेली नाही.

दिशा: काय?

दर्पण: तू नाल्याचं पाणी बघतेस. मी तिवरांच्या मुळांतलं बघितलंय. बोय माशाची पिल्लं अजून येतात. कोलंबीची येतात. पूर्वीपेक्षा कमी, खूप कमी, पण येतात. नाला बंद केला तर काही वर्षांत पुन्हा भरेल ती. खाडीला तेवढी ताकद असते. पण त्यालाही एक टोक असतं. तिथपर्यंत तुम्ही तिला कितीही छळा, सोडून दिली की सावरते. त्या टोकापलीकडे एकदा गेली की मग पैसे ओता, झाडं लावा, होमहवन करा, नाही येत परत. आणि वाईट काय आहे, तर ते टोक नक्की कुठे आहे ते आधी कळत नाही. ओलांडल्यावर कळतं.

चंद्रकांता: हे तू त्या कागदात लिवलंस?

दर्पण: लिहिलंय.

चंद्रकांता: मग तो वकील हे का नाय बोलला?

दर्पण: कारण ते आकड्यात येत नाही. शंभर पानं लिहा, लोक शेवटचा आकडा बघतात. मला वरून सांगितलंच होतं, साहेबांना एका ओळीत उत्तर पाहिजे.

चंद्रकांता: आनि तू दिलंस.

दर्पण: दिलं. नसतं दिलं तर अहवाल कपाटात गेला असता.

चंद्रकांता: कपाटात बरा होता.

दर्पण: आते, काहीच किंमत नसण्यापेक्षा काहीतरी असणं बरं, असं वाटलं मला. त्यात काय चुकलं सांग.

चंद्रकांता: घोळ आठवतो तुला?

दर्पण: कसला घोळ?

चंद्रकांता: मासा रे! दुसरीत होतास. शाळेला सुट्टी, म्हनून तुला बाजारात घेऊन बसले होते. पाटीच्या मागं ओल्या फडक्याखाली एक घोळ ठेवला होता, हाताएवढा. दिशाच्या मोठ्या बहिनीला बघायला वानगावचे पाव्हने येनार होते, त्यांच्या पानात वाढायचा होता. एक बाई आली, फडकं उचलून बघितलं, विचारलं, हा कितीला? मी बोलले, द्यायचा नाय. ती पुन्हा बोलली, अहो, किंमत तर सांगा. मी गप. मी त्या माशाचा भाव तोंडातून काढला नाय. आनि तू मधेच बोललास. मोठ्यानं. असा छाती काढून. आकडा बोललास.

दर्पण: मला आठवत नाही.

चंद्रकांता: मला आठवतं ना. तिनं तेवढे पैसे काढून पाटीवर ठेवले. मग काय करनार? आमच्यात भाव बोलला की माल द्यावा लागतो. मागं फिरलो तर दुसऱ्या दिवशी कोन उभं राहनार नाय पाटीपुढं. म्हनून जे द्यायचं नसतं त्याचा भाव करायचाच नसतो. गिऱ्हाईक हजार देतो बोलू दे, दहा हजार बोलू दे, आपन बोलायचं, इकडं बघू नका, पलीकडची सुरमई घ्या. त्या दिवशी पाव्हन्यांना मी बोंबील वाढले.

दिशा: म्हणून ते लग्न मोडलं, असं नको सांगूस आता.

चंद्रकांता: लग्न हुंड्यापायी मोडलं. बोंबील चाटून-पुसून खाल्ले त्यांनी. मी काय बोलते ते ऐक. तुला ओरडले नव्हते मी. लहान होतास. आता कोन ओरडनार तुला? आता तू घोळाचा भाव नाय बोललास, खाडीचा बोललास.

दर्पण: घोळ दुसऱ्या दिवशी दुसरा मिळाला असता.

चंद्रकांता: मंग?

दर्पण: मासा गेला तर खाडी दुसरा देते. म्हणून माशाचा भाव करता येतो. मी माशांचाच भाव काढला होता. वर्षाला जे निघतं त्याचा. त्यांनी तो खाडीला लावला. आणि वीसने गुणला! गुणता येतच नाही. पहिल्याच वर्षी भराव टाकला तर दुसरं वर्ष येणारच नाही, मग वीस कसली मोजतायत? गाय वर्षाला इतकं दूध देते, म्हणून वीस वर्षांच्या दुधाचे पैसे देऊन गाय कापायची आणि म्हणायचं, हिशेब चुकता!

दिशा: गाय मरायलाच टेकली असेल तर दूध कोण मागतं? पैसे मागतात.

दर्पण: मी हेच सांगेन आत. आकडा बरोबर आहे, पण तो विक्रीचा नाही. खाडीला आकडा नाही.

चंद्रकांता: त्यांना एवढं सगळं ऐकायचं नाय. "आकडा बरोबर हाय" एवढंच ऐकतील, पुढं कान बंद.

दर्पण: मग मी काय करू? आकडाच मागे घेऊ? घेतला समज. पुन्हा खाडी पडीक. पुन्हा कागदावर काही नाही. उद्या दुसरा कोणी येईल आणि फुकट नेईल. पैसेही नाहीत आणि खाडीही नाही. ते चालेल तुला?

चंद्रकांता: फुकट नेनाऱ्याला चोर म्हनता येतं. रस्त्यावर बसता येतं, बोंब मारता येते. पैसे देऊन नेनाऱ्याला काय म्हनू मी? शेठ म्हनू?

दिशा: आई, शिपाई हात करतोय. सुरू झालं आत.

दर्पण: जातो मी.

चंद्रकांता: काय सांगनार?

दर्पण: खरं सांगणार.

चंद्रकांता: खरं सांगूनच तर इथवर आनलंस आम्हाला.

(सुनावणी संपल्यानंतर. तोच व्हरांडा. बायका पायऱ्या उतरून एसटीकडे निघाल्या आहेत.)

दिशा: चहा घे, दादा. टपरीवरून आणलाय. अर्धा सांडला वाटेत.

दर्पण: नको.

चंद्रकांता: घे रे. तोंड बघ, सुकलेल्या मांदेलीसारखं झालं. मला एक समजलं नाय. तो वकील एवढा लाल का झाला?

दर्पण: त्याने विचारलं, आकडा बरोबर आहे का, हो की नाही. मी म्हटलं, माशांचा बरोबर आहे.

चंद्रकांता: ते ऐकलं.

दर्पण: मग तो म्हणाला, ठीक आहे, खाडीचा किती ते सांगा. मी म्हटलं, सांगणार नाही. तो म्हणाला, म्हणजे शून्य? मी म्हटलं, शून्य नाही. लावणारच नाही. मग साहेब मधे पडले. त्यांच्याकडे नुकसानीच्या किमतीचा एक रकाना आहे, तो भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. मी म्हटलं, मग जाऊ नये.

चंद्रकांता: तेव्हा रत्नाबाई जोरात हसली. साहेबानं बघितलं तिच्याकडं.

दर्पण: मग त्यांनी लिहिलं की तज्ज्ञाने मूल्य देण्यास नकार दिला. पुढची तारीख दिली.

चंद्रकांता: म्हंजे भराव नाय?

दर्पण: पुढच्या तारखेपर्यंत नाही. ते दुसरा तज्ज्ञ नेमणार. तो पुन्हा मोजेल.

चंद्रकांता: आनि तू?

दर्पण: आमच्या संस्थेतून फोन आला. मी जिना उतरतच होतो, तेवढ्यात. उद्या येऊ नका म्हणाले. परवाही नको. कळवू म्हणाले.

दिशा: काढलं?

दर्पण: असं कोणी म्हणत नाही. कळवू म्हणतात. आणि नाल्याच्या केसवाल्या वकिलाचाही मेसेज आलाय. "हे काय केलंत?" एवढंच लिहिलंय. तोही माझ्याच आकड्यांवर दंड मागत होता ना! आता पलीकडचे विचारणार, हेच गृहस्थ खाडीची किंमत लावता येत नाही म्हणतात, मग नाल्याचा दंड कसा लावता? उत्तर आहे माझ्याकडे. पण माझं ऐकणार कोण?

चंद्रकांता: माझ्याकडं असा बघू नको. मी तुझे पाय धरनार नाय. उपकार नाय केलेस. टाकलेलं जाळं ओढून घेतलंस, तेवढंच. आनि तेही अर्धंच आलं हातात.

दर्पण: मी उपकार म्हटलंय का?

चंद्रकांता: तोंडावर हाय तुझ्या.

दर्पण: आते, आज माझी नोकरी गेली. नाल्याकाठच्या लोकांशी मी बेइमान झालो. तेही अजून नक्की माहीत नाही, झालो की नाही ते. आणि तुझ्या तोंडून एक बरा शब्द नाही!

चंद्रकांता: बरा शब्द पाहिजे तर देवळात जा. मी रागातच हाय अजून. रात्री पन असनार. तू आत बरोबर बोललास, ते कळलं मला. पन आधी जे बोललास ते गावभर झालंय. घराघरात बाया हिशेब करतात, आपल्या वाट्याला किती येनार म्हनून. काल कमळी मला विचारते, काकी, तुमचं खळं मोठं, तुमाला जास्त मिळंल ना? कमळी! माझ्या शेजारी बसून जवळा निवडनारी. जन्मात तिनं माझं खळं मोठं का तिचं, बघितलं नव्हतं. हे तू केलंस. आता तू आत काय पन बोल, ते कमळीच्या डोक्यातून निघत नाय. चहा पी. थंड होतो.

दिशा: आई, मला पण काहीतरी सांगायचंय.

चंद्रकांता: पैसे हवेत हेच ना? आज पुरे.

दिशा: ते नाही. तो नवा तज्ज्ञ नेमणार ना, त्यांचं ठरलंय सगळं. त्या वकिलाबरोबर ती चष्मेवाली मुलगी होती बघ, फाइली धरून? ती टपरीवर भेटली मला. म्हणाली, नव्या सर्व्हेला गावातली कोणीतरी शिकलेली मुलगी पाहिजे. खळ्यावर फिरून बायांना विचारायला. किती सुकवता, किती टाकून देता, कुठे विकता. परक्या माणसाला बाया नीट उत्तरं देत नाहीत म्हणे.

दर्पण: तुला विचारलं?

दिशा: मला विचारलं.

दर्पण: दिशा, नको. तुला कळतंय ना ते कशासाठी आहे? त्यांना तो रकाना भरायचाय.

दिशा: तू भरलास तेव्हा ते विज्ञान होतं. मी भरला की दलाली?

दर्पण: मी आज तो पुसला.

दिशा: तुला पुसायला परवडलं. तुला पुन्हा कुठेतरी नोकरी लागेल, पुण्यात नाही तर परदेशात. तुझ्या नावापुढे डॉक्टर आहे. माझ्या नावापुढे काय आहे? त्या नाल्याचं पाणी नाकाशी धरून बसते मी, आई. खोकला जात नाही माझा. तू म्हणतेस थंडीचा आहे. थंडी केव्हाच संपली.

चंद्रकांता: तू काय सांगितलंस तिला?

दिशा: उद्या सांगते म्हटलं.

चंद्रकांता: उद्या काय सांगनार?

दिशा: हो सांगणार.

दर्पण: आते, तू तरी समजाव तिला.

चंद्रकांता: मी काय समजावू? ती खरं बोलते. खोकला मी पन ऐकते. कर, दिशा. तुला करायचं असंल तर कर. बाकीच्यांना विचार, रत्नाबाईला विचार, कमळीला विचार, ती तर पळत येऊन सांगंल.

दिशा: आणि तुला?

चंद्रकांता: माझ्याकडं पन ये. मी काय हाकलून देनार नाय. पन आई म्हनून हाक मारू नको तिथं. बाकीचे सर्व्हेवाले मावशी म्हनतात मला. तू पन मावशीच म्हन.